मास्तरांची तालीम

मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. उन्हाळी नाट्यशिबिराचा आठवा दिवस, शाळेच्या तळमजल्यावरचा हॉल, छताला तीन पंखे आणि त्यातला एक बंद. ‘तुझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आठव,’ असं मी तिला सांगितलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. दोन एकांकिकांना मिळालेली बक्षिसं, एका व्यावसायिक नाटकाचे साठ-सत्तर प्रयोग आणि अभिनयावरचं एक अर्धं वाचलेलं पुस्तक, एवढं माझं भांडवल. मुलगी डोळे मिटून बसली. दोन मिनिटांत तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मी बाकीच्या पोरांकडे वळलो आणि म्हणालो, ‘बघा, ह्याला म्हणतात आतून येणं.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगी थांबेना. चार वाजता शिबीर सुटलं तरी तिचे हुंदके चालूच होते. फाटकाशी तिची आजी उभी होती. तिची आई मार्चमध्येच गेली होती, हे मला आजीकडून कळलं. शिबिराच्या फॉर्मवर नाव, इयत्ता, रक्तगट, फोन असे रकाने होते. हे लिहायला जागा नव्हती, आणि असती तरी मी तो फॉर्म वाचला असता असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. संयोजक मला काही बोलले नाहीत. उलट पुढच्या एप्रिलला त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि मानधनही वाढवलं, कारण समारोपाचं नाटुकलं छान बसलं होतं.

त्याच शाळेत चित्रकलेचे एक सर होते. सुट्टीतही ते वर्गखोलीची कपाटं लावायला यायचे, मग चहा व्हायचा. ते ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षक पदविका, झालेले. चौथीतलं पोर डोंगरामागचा सूर्य नेहमी मधोमध का काढतं, यथार्थदर्शन कोणत्या वयाला समजावून उपयोग होतो, एलिमेंटरीला बसणाऱ्या मुलाच्या वस्तुचित्रात हात न घालता चूक कशी दाखवायची, हे सगळं ते सहज बोलता बोलता सांगायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, ‘तुमचं काय झालंय?’ मी माझ्या नाटकांची नावं सांगितली. ते म्हणाले, ‘ते कळलं हो. शिकवण्याचं काय झालंय?’

शिकवण्याचं माझं काहीच झालं नव्हतं. माझ्या ओळखीत अभिनय शिकवणाऱ्या कुणाचंच झालं नव्हतं.

शाळेत कवायत घ्यायची तर बी.पी.एड. लागतं. गाण्याच्या बाई विशारद असतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणारे घडवायचे तसे गाणं शिकवणारेही घडवायचे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग असा वेगळा वर्गच चालवला. त्यांचे शिष्य गावोगाव गेले आणि विद्यालयं काढत राहिले. नाटकवाल्यांनी असा वर्ग कधी काढला नाही. पण त्यांना तेव्हा गरजही नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

गरज नव्हती, कारण नाटक कंपनी हीच शाळा होती. गोविंद बल्लाळ देवल हे ‘शारदा’चे नाटककार म्हणून आपल्याला ठाऊक असतात, त्यांच्या काळातल्या नटांना ते त्याहून जास्त तालीम मास्तर म्हणून ठाऊक होते. बेळगावात त्यांनी शाळेत शिकवलं होतं आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली ते नाटकात आले. म्हणजे मराठी रंगभूमीचा सगळ्यात नावाजलेला तालीम मास्तर हा मुळात खराखुरा मास्तर होता. हा योगायोग दिसतो तेवढा लहान नसावा. गणपतराव बोडसांनी ‘माझी भूमिका’ या आत्मचरित्रात देवलांच्या तालमींविषयी लिहिलं आहे, ते मुळातून वाचण्यासारखं आहे.

पण माझा मुद्दा देवलांच्या थोरवीचा नाही. कंपनीचं बिऱ्हाड वर्षाचे बारा महिने एकत्र. तालमीत पाठीमागे बसलेला पोरगा, ज्याला नाटकात काम म्हणजे भाला घेऊन उभं राहायचं, तो रोज मास्तरांना दुसऱ्याला शिकवताना बघत असे. मोठ्या नटाला कसं सांगतात, नवख्याला कसं, गळा बसलेल्याला काय करायला लावतात, मठ्ठ माणसापुढे कुठे हात टेकतात. पंधरा वर्षांनी हाच पोरगा दुसऱ्या कंपनीत तालीम मास्तर झाला तर त्याचं शिक्षण झालेलं असे. त्याला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नसे एवढंच. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपट सुरू झाले, कंपन्या एकेक करून मोडल्या. नट मोकळे झाले याबद्दल आपण पुष्कळ लिहिलं. कंपन्यांबरोबर मास्तर तयार होण्याची जागाही गेली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कंपन्यांची जागा स्पर्धांनी घेतली. १९५४पासून राज्य नाट्यस्पर्धा आहे, १९६३पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे, आणि आज महाराष्ट्रात करंडक नाही असं मोठं गाव शोधावं लागेल. स्पर्धांनी मराठी नाटक जगवलं, यात वाद नाही. मात्र स्पर्धेसाठी नाटक ‘बसवतात’. आपल्या भाषेतलं हे क्रियापद फार प्रामाणिक आहे. हातात महिना-दीड महिना, पोरं कॉलेज आणि क्लास सांभाळून येणारी, तारीख ठरलेली. बसवणारा सांगतो, इथे थांब, इथे वळ, हे वाक्य पाड, ह्या वाक्यावर टाळी घे. पोरगं तसं करतं, करंडक मिळतो. ह्यात गैर काहीच नाही. अडचण नंतर होते. तेच पोरगं पाच वर्षांनी शिबीर घेतं आणि त्यानं आयुष्यात पाहिलेली शिकवण्याची एकच रीत असते, बसवण्याची. म्हणून पंधरा दिवसांच्या बालनाट्य शिबिरात चौथ्या दिवशी भूमिका वाटल्या जातात. उरलेले दिवस एक सशाची आणि एक सिंहाची भूमिका चालते, बाकीची बावीस मुलं झाडं होऊन उभी राहतात.

मीही झाडं केली आहेत. चांगली केली होती.

पुस्तकांतून शिकावं म्हणावं तर मराठीत पुस्तक आहे. के. नारायण काळ्यांनी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीच्या अभिनयावरच्या पहिल्या पुस्तकाचा ‘अभिनयसाधना’ हा अनुवाद केला. प्रायोगिकवाल्यांच्या दोन पिढ्यांच्या झोळीत ते पुस्तक होतं. मी अर्धं वाचलेलं तेच. त्यात भावनिक स्मृतीचं प्रकरण आहे आणि आमच्यासारख्या अर्धवटांना नेमकं तेवढंच पाठ असे. स्वतःचं दुःख उकरायचं, ते भूमिकेला लावायचं. सोपं, नाट्यमय, आणि समोरचं पोर रडलं की शिकवल्याचा पुरावाही लगेच हातात.

पुढचं मला बऱ्याच उशिरा कळलं. अमेरिकेत ग्रुप थिएटर नावाची मंडळी हीच पद्धत घेऊन काम करत होती आणि त्यांचा शिकवणारा ली स्ट्रासबर्ग भावनिक स्मृतीवर फार भर देत असे. त्या चमूतली स्टेला ॲडलर ही मुरलेली नटी. तिला हे झेपेना, कामातला आनंदच गेला. १९३४च्या उन्हाळ्यात ती पॅरिसला गेली, तिथे स्तानिस्लाव्हस्की होता, आणि जवळजवळ पाच आठवडे ती त्याच्याजवळ बसून शिकली. त्यानं तिला सांगितलं ते निराळंच होतं. भर परिस्थितीवर द्यायचा आणि कृतीवर: हा माणूस कुठे आहे, त्याला काय हवंय, ते मिळवायला तो काय करतोय. स्वतःच्या जखमांकडे वळायचं ते दुसरं काही चालेना तर. ती परत गेली, तिनं ते सगळ्यांपुढे मांडलं, आणि तिचं नि स्ट्रासबर्गचं जे बिनसलं ते कायमचं. पुढे ती स्वतः मोठी शिक्षिका झाली, मार्लन ब्रँडो तिच्याकडे शिकला.

या गोष्टीत भांडणाची बाजू रंगतदार आहे, ती सगळे सांगतात. मला भावतो तो प्रवास. आपल्याला जे शिकवलं जातंय त्याचा उगम तपासायला एक नावाजलेली बाई बोटीनं समुद्र ओलांडून जाते आणि पुन्हा विद्यार्थिनी होते.

त्याच्या पुढच्या वर्षीची हकीकत तर आपल्याकडे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलीच नाही. १९३५ साली स्तानिस्लाव्हस्की बहात्तर वर्षांचा होता, हृदयविकारानं खचला होता, पुस्तक मनासारखं पुरं होत नव्हतं. आपल्यामागे हे काम टिकावं म्हणून त्यानं मॉस्कोत नवा स्टुडिओ काढायचं ठरवलं. वर्ग सुरू झाले १५ नोव्हेंबरला. साडेतीन हजार उमेदवारांमधून नाट्यविभागात वीस घेतले. पण त्याच्या आधी, जूनमध्येच, त्यानं शिक्षकांचा एक गट जमवून त्यांना शिकवायला सुरुवात केली होती. त्यात त्याची बहीण झिनाइदा सोकोलोवा होती. म्हणजे आधी पाच महिने मास्तर तयार केले आणि मग पोरं घेतली. आयुष्यभर नट घडवून झाल्यावर शेवटची पुंजी त्यानं शिकवणाऱ्यांवर लावली. आपण त्याचं पुस्तक घेतलं, जून महिना घेतला नाही.

आपल्याकडे चांगले शिक्षक झालेच नाहीत असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत शिकून आले, १९६२ ते १९७७ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक राहिले, आणि तिथून शिकून निघालेल्यांनी देशभर विभाग उभारले. मराठवाड्यात कमलाकर सोनटक्के, मुंबई विद्यापीठात वामन केंद्रे. रोशन तनेजा न्यूयॉर्कला सॅनफर्ड माइझ्नरकडे शिकले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी जया भादुरीपासून नसीरुद्दीन शाहांपर्यंत माणसं घडवली. विजया मेहता अल्काझींच्या आणि आदी मर्झबानांच्या हाताखाली तयार झाल्या. पण दिग्दर्शिका म्हणून नाव झाल्यावरही त्यांनी जर्मनीच्या फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर ब्रेश्त करायला घेतला आणि त्यातून ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आलं. पंडित सत्यदेव दुबे शेवटपर्यंत शिबिरं घेत राहिले.

मात्र ही साखळी माणसांवर टांगलेली आहे, आणि माणूस गेला की कडी निखळते. फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाला, तो पुन्हा सुरू व्हायला २००४ उजाडलं. पाव शतक. एवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या बुडाल्या हे दिसतं. त्यांच्या शेजारी बसून शिकवायला शिकले असते असे जे साहाय्यक, ते कधी झालेच नाहीत. ते कुठल्या आकड्यात दिसायचे?

विद्यापीठांत १९८७ साली सुरू झालेलं पुण्याचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत २००३पासून अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, इतरत्र विभाग आहेत. तिथे शिकवायचं तर एक वाट नेटची: एम.ए. आणि नेट. दुसरी वाट विद्यापीठ अनुदान आयोगानं कलावंतांसाठी ठेवली आहे. नाट्यविद्यालयाची पहिल्या वर्गातली पदवी किंवा पदविका आणि रंगमंचावरच्या कामाचा अनुभव. दोन्ही वाटा मला मान्य आहेत. पण पहिलीत माणसाला काय माहीत आहे ते कळतं, दुसरीत त्यानं काय केलं आहे ते. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा थिजून उभा राहिला तर ह्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल, ते कळायची सोय दोन्हींत नाही. नोकरी लागल्यावर बढतीसाठी उजळणी वर्ग असतात. तिथे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाशेजारी बसून नाट्यशास्त्राचा प्राध्यापक मूल्यमापनावरची व्याख्यानं ऐकतो. माझा एक मित्र म्हणतो, तिथे तो एकच नवीन गोष्ट शिकला, रसायनवाल्यांचा चहा चांगला असतो.

पॅरिसला जाक लकॉकनं १९५६मध्ये शाळा काढली. तो मूळचा व्यायामशिक्षक. त्याच्याकडे अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि ज्यांना शिकवायचं आहे अशा निवडक लोकांसाठी तिसरं वर्ष. लंडनच्या रॉयल सेंट्रल स्कूलमध्ये अभिनयशिक्षकांसाठी वेगळं एम.ए. आहे. एवढ्या लांब जायला नको. शेजारच्या कर्नाटकात हेग्गोडूच्या निनासममधून शिकलेली मुलं सरकारी शाळांत नाट्यशिक्षक म्हणून लागली. त्रिपुरात, आगरतळ्याला, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं शिक्षणातल्या नाटकासाठीचं केंद्र आहे. आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीत प्रयोगकलांच्या शिक्षकांसाठी पदविकेची तरतूद आहे. ए.टी.डी. झालेले सर मला जन्मभर भेटत आले. ही पदविका घेतलेला नाट्यशिक्षक मला अजून भेटायचा आहे.

ह्या लेखासाठी गेल्या पावसाळ्यात मी अकरा वर्ग पाहिले, पुणे, कोल्हापूर, नाशिक, ठाणे. नाव छापायचं नाही या अटीवर बसू दिलं. चार ठिकाणी मास्तर गोष्टी सांगत होते, स्वतःच्या, आणि गोष्टी फर्मास होत्या. दोन ठिकाणी मोबाइलवर मालिकांच्या ऑडिशन्स चालल्या होत्या. भिंतीवर शिक्षकाचे कलाकारांबरोबरचे फोटो आणि ‘आमच्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या मालिका’ अशी यादी. एका ठिकाणी सगळे डोळ्यांवर रुमाल बांधून एकमेकांच्या अंगावर पडत होते. ‘विश्वासाचा व्यायाम’ म्हणे. कोपऱ्यातल्या मुलीला कुणी हात लावलेला नको होता. हे मला दारातून दिसलं, मास्तरांना दिसलं नाही. हात लावण्याआधी विचारावं, नको म्हणणाऱ्याला बाहेर बसूनही तोच व्यायाम करता येईल अशी सोय असावी, लहान मुलाला एकट्याला थांबवून घेऊ नये, ह्या गोष्टी प्रतिभेच्या नाहीत, शिस्तीच्या आहेत. २०१२चा पॉक्सो कायदा नाटकाच्या हॉललाही लागू आहे.

आणि सगळीकडे एक वाक्य ऐकलं, ‘आवाज पोटातून काढ.’ माझ्या मास्तरांनी मला सांगितलं, मी शेकडो मुलांना सांगितलं. पोटात आवाज नसतो. आवाज स्वरयंत्रात होतो, त्याला लागणारा श्वास बरगड्या आणि श्वासपटलाच्या आधारानं सोडायचा असतो, आणि तो घुमतो घशा-तोंडाच्या पोकळीत. हे शिकवायला आठवडे जातात. ‘पोटातून’ म्हटलं की पोर पोट आवळतं, मान ताणतं आणि ओरडतं. करंडकाच्या आदल्या आठवड्यात कुठल्याही कॉलेजच्या तालमीला जा, निम्मी मंडळी घोगऱ्या आवाजात बोलत असतात आणि गळा सांभाळायचा म्हणून कुजबुजतात. कुजबुजण्यानं बसलेल्या गळ्याला आराम मिळत नाही. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, हळद-दुधावर भागवायचं नाही, इतकं तरी शिकवणाऱ्याला माहीत हवं. मला ते चाळिशीत कळलं, तेही माझाच गळा गेल्यावर.

अकराव्या वर्गाबद्दल मात्र सविस्तर सांगतो. कोल्हापुरात, एका वाचनालयाच्या माडीवर. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या. आधी प्राथमिक शाळेत नोकरी केलेली, नाटकात कामं बेताचीच. चौदा मुलं-मुली, सतरंजी, दोन खुर्च्या. प्रसंग असा: मित्रानं उसने घेतलेले पैसे परत मागायचे. ज्याच्याकडे पैसे मागायचे तो मुलगा खुर्चीत बसलेला. मागणारा आत आला आणि आल्या आल्या तापला. हातवारे, आवाज, सगळं. वर्गातल्या दोघांनी ‘भारी’ म्हटलं.

बाई म्हणाल्या, ‘बरं. तुला त्याच्याकडनं काय हवंय?’

‘पैसे.’

‘पैसे तो द्यायचा नाही हे तुला माहितीय. मग?’

मुलगा थांबला. म्हणाला, ‘त्यानं मला मान द्यावा.’

‘मान दिला हे तुला कसं कळंल? तो काय करंल?’

बराच वेळ शांतता. बाई वाट बघत राहिल्या. मी घड्याळ पाहिलं. मी असतो तर तिसऱ्या सेकंदाला उत्तर पुरवलं असतं. शेवटी मुलगा म्हणाला, ‘मी आल्यावर तो उठून उभा राहील.’

‘मग उठव त्याला. हात लावायचा नाही, ऊठ म्हणायचं नाही. उठव.’

आणि बसलेल्याला त्या म्हणाल्या, ‘तू उगाच उठू नकोस हां. उठावंसं वाटलं तरच ऊठ.’

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी मुलगा आत आला, काही न बोलता त्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिला, मग खाली बसला, सतरंजीवर, त्याच्या पायांजवळ. मागे वर्गात चुळबुळ होती, ती बंद झाली. ‘आईला सांगितलंय, तू देणार आहेस म्हणून,’ एवढंच तो खालच्या आवाजात म्हणाला. खुर्चीतला मुलगा उठला. उठल्यावर काय करावं हे न कळून तसाच उभा राहिला.

बाईंनी शाबासकी दिली नाही. ‘काय झालं आत्ता?’ असं त्यांनी वर्गाला विचारलं आणि पुढची वीस मिनिटं मुलंच बोलली.

स्टेला ॲडलर पॅरिसहून जे घेऊन आली ते हेच. बाईंनी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. हे कुठून आलं विचारलं तर म्हणाल्या, ‘पहिलीच्या पोराला वजाबाकी शिकवताना. उत्तर आपण सांगितलं की ते त्याचं राहत नाही.’ वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. ‘मी कुठं चुकले ते सांगा,’ म्हणाल्या. मला वाटलं विनय आहे. मी काहीतरी गोड बोललो. त्या चिडल्याच. ‘चौदा वर्षं शिकवतेय. शिकवणारं माणूस माझ्या वर्गात आज पहिल्यांदा येऊन बसलं. आणि तुम्ही नुसतं छान छान म्हणताय.’

तेव्हा मी सांगितलं, की खिडकीजवळची एक मुलगी दोन तासांत एकदाही उठली नव्हती. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

परत आल्यावर पुण्यात आम्ही सहा जणांनी एक गोष्ट सुरू केली. त्याला नाव नाही, संस्था नाही, लेटरहेड तर नाहीच. महिन्यातून एकदा एकानं दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसायचं. बोलायचं नाही. वहीत फक्त दिसलेलं लिहायचं, मत लिहायचं नाही. शिक्षक किती वेळ बोलला, मुलं किती वेळ पायांवर होती, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबला, कुणाकडे पाहिलंच नाही. संध्याकाळी ती वही वाचून दाखवायची.

माझ्या एका तासाची वही अशी होती. साठ मिनिटांत मी एकेचाळीस मिनिटं बोललो. त्यातली अकरा मिनिटं माझ्या नाटकांच्या दौऱ्यांची. प्रश्न चौदा विचारले आणि नऊंची उत्तरं मीच दिली. तीन मुलांची नावं मी पूर्ण तासात घेतली नाहीत. मला वाटत होतं, तास रंगला होता. रंगला होताच, पण प्रयोग माझा होता, मुलं प्रेक्षक होती. पंचवीस वर्षं शिकवून ही गोष्ट मला माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलीच्या वहीतून कळली. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही.

पैशांचं बोलायलाच हवं. अभिनय शिकवणारे बहुतेक जण तासावर किंवा शिबिरावर पैसे घेणारे. दुसऱ्याच्या वर्गात फुकट बसायचं म्हणजे त्या दिवसाची कमाई सोडायची, आणि वर आपल्या युक्त्या प्रतिस्पर्ध्याला दाखवायच्या. सहातले दोघे याच कारणानं गळले. त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांच्याकडे इमारत आहे, अनुदान आहे, त्या नाट्यसंस्थांनी, नाट्यपरिषदेच्या शाखांनी, विद्यापीठांच्या विभागांनी एवढं तरी करावं: शिबीर ठेवलं की शिकवणाऱ्याबरोबर एक निरीक्षक ठेवावा आणि त्याला मानधन द्यावं. नटाला तालमीचे पैसे मिळावेत म्हणून आपण भांडलो. मास्तरांच्या तालमीचे पैसे अजून कुणी मागितलेलेही नाहीत.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानं कलाशिक्षण शाळेच्या मधोमध आणून ठेवलं आहे. शाळा आता नाटकवाल्यांना बोलावतील, बोलवायला लागल्याही आहेत. दोन एकांकिकांचं बक्षीस आणि अर्ध्या वाचलेल्या पुस्तकाचं भांडवल घेऊन सत्तावीस वर्षांचे पुष्कळ जण तिथे पोचतील.

तेव्हा पालकांना एक सांगणं आहे. येत्या एप्रिलमध्ये शिबिराचा फॉर्म भराल, तेव्हा शिकवणाऱ्यानं कोणकोणत्या मालिकांत काम केलं आहे हे विचारू नका, ते तो आपण होऊन सांगेल. ‘तुम्हाला शिकवताना शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं?’ एवढं विचारा. आणि फॉर्मवर रकाना नसला तरी, घरात अलीकडे काय घडलं आहे ते मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळींत लिहा.